पगोडादाते ऊ पे थान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पगोडा आहे. तसा बेताचाच. पण त्याच्या पायथ्याची संगमरवरी पाटी बघितलीत तर वाटेल, आत एखादा सम्राटच पुरलाय. 'पगोडादाते ऊ पे थान, वॉर्ड अध्यक्ष, आणि त्यांच्या पत्नी दॉ सान यु.' अक्षरं सोनेरी, एकेक वीतभर. सोन्याचा वर्ख पाटीलाच इतका लागला की आतल्या बुद्धाला तो गळ्यापर्यंतच पुरला. विटा वाहिल्या आम्ही. दर शनिवारी घरटी एक माणूस, आजारी असाल तर बदली द्या, आणि या वेठीला श्रमदान म्हणायचं. वाळू आमची, घाम आमचा, दाते मात्र पे थान.

पण त्याला एकट्यालाच का बोला? आमच्याकडे ही रीत जुनीच. राजे आधी शेजारचं राज्य जाळायचे आणि राख निवली की पगोडा बांधायला घ्यायचे. राजे गेले, गोरे आले, गोरे गेले, सेनापती आले, विटा रचणं काही थांबलं नाही. ज्याचे हात जास्त बरबटलेले, त्याचा पगोडा जास्त उंच. पे थानचे हात बेताचे बरबटलेले होते, त्याच बेताने त्याने बांधला. संधी मिळती तर त्याने मंडालेच्या टेकडीएवढा उभा केला असता, त्यात शंका नाही.

पोरपणापासूनच त्याचं असं. बाप लवकर गेला. आईने, दॉ म्या यिनने, तेलाच्या घाण्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडून फोडून बोटांची सालटी काढली तेव्हा कुठे पोराला श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, करायचा सोहळा झाला. राजपुत्रासारखा रेशमी पोशाख, घोड्यावरून मिरवणूक, मग डोकं भादरून अंगावर भिक्षूचं चीवर. पोरगं विहारात आठवडाही टिकलं नाही. दुपारनंतर जेवायचं नाही हे म्हणे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आई शोधायला निघाली, तर हे श्रामणेर महाराज मावशीच्या परसात चीवर गुडघ्यावर घेऊन भोपळ्याची भजी हाणत बसलेले. आता आई झाली तरी बाईमाणूस, अंगावर चीवर असलेल्याला हात कसा लावणार? कान पिळायची सोय नाही. दॉ म्या यिनने भज्यांच्या ताटलीसमोर जमिनीवर तीनदा डोकं टेकलं आणि हात जोडून पोटच्या पोराला विनवलं, भंते, विहारात परत चला. पे थानने शेवटचं भजं तोंडात टाकलं आणि उठला. कपडा अंगावर असला की भजी खातानाही आई पाया पडते, एवढंच ज्ञान त्याने विहारातून घरी आणलं.

पुढे तो सहकारी दुकानात तांदूळ मापायला लागला. मापात त्याचा अंगठा कायम आत असायचा. मोठ्या उठावाच्या वर्षी सगळं शहर रस्त्यावर आलं तेव्हा पे थानही एक दुपार घोषणा देत चालला, डोक्याला लाल फडकं बांधून. पुढच्याच महिन्यात फडकं चुलीत गेलं आणि त्या दुपारी आपल्या पुढे कोण चालत होतं, मागे कोण होतं, हे तो लष्करी कचेरीत बसून आठवून आठवून सांगत होता. स्मरणशक्ती चांगली, नाही म्हणता येणार नाही. त्याचं फळ म्हणून यथावकाश वॉर्डाचं अध्यक्षपद मिळालं. लोक नावाआधी आदराचं 'ऊ' लावायला लागले. जे लावत नसत, त्यांच्या घरची वीज वारंवार जायची.

आई त्याच घरात राहत होती. जाणार कुठे? पण तिचा दिवस निराळा होता. पहाटे भात शिजला की वरचा पहिला वाफाळता डाव भिक्षूंचा, मग घराचा. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा तिने हा नेम मोडला नव्हता. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, उजेड-अंधार एवढंच कळायचं. मग ती उंबऱ्याशी बुटक्या स्टुलावर बसायची, मांडीवर भाताचं पातेलं. भिक्षूंची रांग आली की हात वर करायचा, पात्राचा काठ चाचपायचा आणि भात सोडायचा. त्या वर्षी पावसाळ्यात तिचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, वर्षावास संपलेला बघतील की नाही सांगता येत नाही. तिने ऐकून घेतलं आणि सुनेला सांगितलं, "औषधाचं तुम्ही बघा. जाईन त्या दिवसापर्यंत माझ्या हातचा भात पात्रात पडला पाहिजे. बाकी मला काही नको."

मागून मागून म्हातारीने मागितलं काय, तर डावभर भात. तेवढंही त्या घरातून तिला मिळू नये, याची व्यवस्था खुद्द पगोडादात्यांनी केली.

त्याच वर्षावासात देश पेटला. तेल महागलं, लोक हवालदिल झाले, आणि लोकांना बोलायची चोरी म्हणून भिक्षू रस्त्यावर उतरले. मैत्रीसूत्र म्हणत चालायचे, दुसरं काही नाही. एका गावात सैनिकांनी त्यांना झोडपलं. भिक्षुसंघाने सांगितलं, माफी मागा. माफी! आमच्या सेनापतींनी जन्मात स्वतःच्या बायकोचीही मागितली नसेल. मुदत गेली, आणि संघाने आपलं एकमेव हत्यार काढलं. भिक्षापात्र पालथं केलं. म्हणजे सैन्यातल्यांचा आणि त्यांच्या हस्तकांचा भात घ्यायचा नाही, त्यांना धर्म सांगायचा नाही, त्यांच्या घरी कोणी मेलं तरी पाय ठेवायचा नाही. आमच्याकडे माणसाला तुरुंगाचं भय असतं, पण ते एका जन्माचं. याचं भय पुढच्या सगळ्या जन्मांचं.

आमच्या विहारातले दोन तरुण भिक्षू त्या मोर्चात पुढे होते. एक होता भंते कोविद, आमच्या गल्लीतल्या दॉ ठॉनचा भाचा. दॉ ठॉन म्हणजे पे थानच्या अगदी समोर राहणारी, माशाच्या रश्श्यातल्या शेवया, आपला मोहिंगा, विकणारी. आईविना वाढलेला हा पोरगा तिनेच लहानाचा मोठा केलेला. एका सकाळी विहाराच्या दाराशी लष्कराची जीप थांबली. पुढच्या सीटवर पे थान. त्याने हात उचलायचेही कष्ट घेतले नाहीत, हनुवटीनेच दाखवलं, हा आणि तो. दोघांना चीवरासकट गाडीत घातलं. त्या दिवशी सयाडोंनी, म्हणजे आमच्या विहाराच्या वृद्ध प्रमुखांनी, उरलेल्या भिक्षूंना सीमेत, म्हणजे संघाचे ठराव करायच्या पवित्र जागेत, जमवलं आणि पे थानचं नाव घेऊन पात्र पालथं केलं.

दुसऱ्या सकाळी रांग आली. दॉ म्या यिन उंबऱ्याशी पातेलं घेऊन बसलेली. सगळ्या दारांशी पावलं थांबली, तिच्या दाराशी आली तेव्हा भिक्षूंनी पात्रं उलटी धरली आणि पुढे गेले. तिचा डाव हवेतच राहिला. सान युने सांगितलं, आज भंते पलीकडच्या रस्त्याने गेले, आई. म्हातारीचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. अनवाणी पावलांचा आवाज ती जन्मभर ऐकत आलेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. भात गार व्हायचा आणि सान यु तो चोरून कोंबड्यांना टाकायची.

शेवटी तिने मुलालाच विचारलं. पे थान म्हणाला, सगळे भिक्षू बिघडलेत, राजकारण करतात. भिक्षूंनी ध्यान करावं, मिळेल तो भात खावा, देशाच्या भानगडीत पडू नये.

"असं का?" म्हातारी म्हणाली. "मग तुझ्या पगोड्यावर छत्र चढवायला मेजर आला होता, तो काय ध्यान करायला आला होता?"

खरं सांगायचं तर पे थान घाबरला होता. आईवर त्याचा जीव होता, जितका असल्या माणसाचा असू शकतो तितका. आई रिकाम्या हातांनी गेली तर तिचं पुढे काय होईल, हे त्यालाही ठाऊक होतं. आणि अंत्यविधीला एकही भिक्षू आला नाही तर वॉर्डभर नाचक्की होईल, हे तर फारच ठाऊक होतं. उपाय एकच होता, सयाडोंपुढे जाऊन चूक कबूल करायची. तो मात्र त्याला करायचा नव्हता. कारण वरून हुकूम होता, विहारात पाय ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची खुर्ची त्याच दिवशी जाईल.

मग त्याने डोकं चालवलं. त्याचं डोकं कुठे चालणार, ते भज्यांच्या ताटलीपर्यंतच.

सान युचा एक भाऊ होता, को लाट. ताडीच्या दुकानात गाडगी विसळणारा, मनाने गरीब. पोरपणी बराच काळ विहारात राहिलेला, त्यामुळे चालण्या-बोलण्याची रीत माहीत. पे थानने त्याला दहा घरांचा प्रमुख करायचं आमिष दाखवलं. वर्षावासात दान करायला आणलेली नवी कोरी चीवरं घरात पडूनच होती, कोणी भिक्षू ती घेत नव्हता. को लाटचं डोकं भादरलं, चीवर नेसवलं, हातात पात्र दिलं. दीक्षा न घेता चीवर पांघरणं म्हणजे काय पाप आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. को लाट रडकुंडीला आला, म्हणाला, भाऊजी, हे नको. पे थान म्हणाला, म्हातारीला काय दिसतंय? तिच्या मनाला समाधान. समाधान देणं हेही दानच आहे की. बघा, धर्म सांगायला भिक्षू नाही मिळाला तर हा स्वतःच सांगायला लागला.

सकाळी खरी रांग पात्रं पालथी करून पुढे गेली आणि थोड्या वेळाने को लाट आला. गल्लीतल्या सगळ्या बाया दारांत उभ्या होत्या. सगळ्यांनी त्याला ओळखलं आणि सगळ्या थिजल्या. पे थान आत खिडकीशी. को लाट खाली मान घालून बरोबर भिक्षूसारखा चालत आला, दाराशी थांबला. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने हात जोडले, डाव भरला आणि नेहमीसारखा वर नेला.

पात्र वर नव्हतंच.

को लाट बहिणीच्या सासूसमोर उभा होता ना! इतकी वर्षं त्या उंबऱ्यावरून तो कमरेत वाकूनच गेलेला. वडीलधाऱ्या माणसापुढे ताठ उभं राहायची त्याच्या अंगाला सवयच नव्हती. अंगावर चीवर आहे, आता तू राजापुढेही वाकायचं नाहीस, हे त्याच्या पाठीला कोण सांगणार? तो नेहमीसारखा वाकला, डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरलं आणि पात्र अदबीने तिच्या गुडघ्यांपाशी नेलं. तिचा दुसरा हात पात्राचा काठ शोधत पुढे आला आणि त्याच्या भादरलेल्या डोक्याला लागला. तिच्या छातीच्याही खाली असलेल्या डोक्याला.

भिक्षूचं डोकं कोणा गृहस्थाच्या हाताखाली येत नसतं. म्हातारीने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग हळूच विचारलं, "कोण रे तू?"

को लाट तिथेच गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. "मावशी, मी लाट."

ती त्याला रागावली नाही. म्हणाली, आधी ती वस्त्रं उतरव, नीट घडी घाल आणि उंचावर ठेव, पायांत येऊ देऊ नकोस. मग तिने मुलाला हाक मारली. पे थान बाहेर आला.

"मी आंधळी आहे रे," ती म्हणाली, "खुळी नाही."

तो काहीतरी सांगायला लागला, तुझ्यासाठीच केलं, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. तिने ऐकलं नाही. सुनेला म्हणाली, मला धर आणि समोर नेऊन सोड.

समोर म्हणजे दॉ ठॉनच्या दारात. दॉ ठॉन चुलीवरच्या रश्श्यात पळी घालून उभी होती. भाच्याला नेलं त्या दिवसापासून तिने पे थानच्या घराकडे बघून थुंकायचंही बाकी ठेवलं नव्हतं. म्हातारी सुनेच्या खांद्यावर भार टाकत आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली.

"आक्का, इथे कशाला आलात?" दॉ ठॉनने विचारलं. "माझा पोरगा कुठल्या कोठडीत आहे ते सांगायला?"

"ते मला माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं." म्हातारी म्हणाली. "काम मागायला आलेय. लसूण सोलेन. मजुरी म्हणून मूठभर तांदूळ दे. त्या घरचा भात कोणी घेत नाही, घेऊही नये. मला माझा स्वतःचा हवाय."

दॉ ठॉनने लसणाची परडी आणून म्हातारीच्या मांडीवर ठेवली. सुजलेले पाय पसरून ती चाचपत चाचपत सोलायला लागली. संध्याकाळपर्यंत परडी अर्धीही झाली नाही. दॉ ठॉनने तिला आत घेतलं आणि चटई टाकून दिली.

दुसऱ्या दुपारी, सगळी गल्ली लवंडलेली असताना, पगोडादाते समोर आले. दॉ ठॉनने आत ये म्हटलं नाही, तेव्हा बाहेरच उकिडवे बसले. म्हणाले, घरी चल, लोक काय म्हणतील? अटक झालेल्याच्या घरात माझी आई बसते, हे वर कळलं तर? म्हातारी सोलतच होती.

"विहारात जा," ती म्हणाली. "सयाडोंपुढे तीनदा डोकं टेक, चुकलं म्हण. त्या पोरांना सोडवायला चार शब्द खर्च कर. ते पात्र सरळ करतील. तू जाऊन ये, मी या पावली घरी येते."

"आई, खुर्ची जाईल."

"जाऊ दे."

"त्या खुर्चीमुळेच तुझं औषध येतं."

"मला औषध नकोय रे बाबा. मला भात वाढायचाय."

पे थान उठला, लुंगी सारखी केली आणि म्हणाला, वर्षावास संपू दे, वातावरण निवळू दे, मग बघू. डॉक्टर काय म्हणाला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हातारीने मान वर केली, त्याच्या आवाजाच्या दिशेने थोडा वेळ चेहरा धरला आणि पुन्हा लसणाची पाकळी हातात घेतली. पे थान घरी गेला.

त्यानंतर एका रात्री विहारावर धाड पडली. बरेच भिक्षू नेले, बरेच पळाले, जिन्यावर रक्त होतं म्हणतात. दोन सकाळी गल्लीत कोणीच आलं नाही. दारं लोटलेली, भात कढत चुलीवर. म्हातारी तरी दॉ ठॉनच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, मांडीवर तिच्या मजुरीच्या तांदळाचा भात. आता तिला बसवतही नव्हतं, दॉ ठॉन पाठीमागून टेकू देऊन उभी राहायची. ज्या पोरीबाळींनी अध्यक्षांच्या आईला एरवी ओळखही दाखवली नसती, त्या तिला वारा घालायला लागल्या.

तिसऱ्या सकाळी पावलं वाजली. एकटे सयाडो, ऐंशीच्या घरातले, मागे कोणी नाही. दॉ ठॉनच्या दाराशी थांबले. म्हातारीने हात वर नेला. पात्र तिथेच होतं, ताठ, जिथे असायला हवं तिथे. तिने काठ चाचपला आणि भात सोडला. सयाडो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, हे सगळ्यांनी पाहिलं. समोरच्या खिडकीतून पे थाननेही पाहिलं. सान यु त्याच्याशेजारी उभी होती.

सयाडो पुढे गेल्यावर दॉ ठॉनने पेला आणून दिला. म्हातारी पाणी थेंबथेंब मातीवर सोडत पुण्याचा वाटा पुकारायला लागली. आधी सगळ्या जीवांना, मग या गल्लीला, मग कोठड्यांतल्या पोरांना. आवाज थकलेला, पण स्पष्ट होता. नंतर नावं. नावाने हाक मारायची ती गेलेल्यांना. कोणी बोलावल्याशिवाय त्या बिचाऱ्यांना वाटा घेता येत नाही. जिवंत माणसं ऐकतात आणि आपली आपण 'साधू', म्हणजे 'उत्तम झालं', म्हणतात, त्यांचं नाव त्या रांगेत घेणं अभद्र.

"माझा नवरा, श्वे मौं. त्याने वाटा घ्यावा. माझा भाऊ चिट टिन, नदीत गेला, त्याने घ्यावा. माझ्या दोन लेकी, पाळण्यातच गेल्या, त्यांनी घ्यावा." पेल्यात थोडं पाणी उरलं होतं. ते तिने सोडलं. "माझा मुलगा, पे थान. त्याने घ्यावा."

सान युने तोंडावर हात दाबला आणि ती भिंतीकडे वळली. मग दारादारांतून आवाज आला, साधू, साधू, साधू.

पे थान खिडकीचे गज धरून उभा होता. आपल्याला कोणत्या रांगेत बसवलंय, हे त्याला कळलं होतं. पण फुकट मिळणारी वस्तू त्याने जन्मात कधी सोडली नव्हती. त्याने हात जोडले आणि गल्लीच्या मागोमाग, हळूच, साधू म्हटलं.